वह्या सारख्या, पण धडा ज्याच्या त्याच्या पातळीचा

(हितचिंतकांच्या मेळाव्यात वसतिगृहाच्या अभ्यासवर्गातील शिक्षिकेने केलेले भाषण)



आपण पाठवलेल्या वह्या आणि दप्तरे आम्ही सर्व मुलांना सारखी वाटतो. ते योग्यच आहे. पण धडाही सर्वांना सारखाच वाटला, तर निम्मी मुले रिकाम्या हाताने उठतात.

आमच्या चौथीच्या मुलांत काहीजण पहिलीपासून नियमित शाळेत आलेले आहेत. काही कातकरी मुलांचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने मुलांची शाळा बुडते. काहींच्या घरी वारली बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मुलाला वयानुसार इयत्तेत बसवतात. मागे पडलेल्याला विशेष शिकवणीचा हक्कही तोच कायदा देतो. ती शिकवणी मिळाली नाही, तर मूल चौथीत बसून अक्षरे शोधत राहते आणि एक दिवस येणेच सोडते.

म्हणून आम्ही विषय एकच ठेवतो, वाटा वेगळ्या करतो. वजाबाकी शिकवताना एक गट चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून मोजतो. दुसरा पाटीवर हातचा घेऊन गणित सोडवतो. तिसरा बाजारहाटाची उदाहरणे स्वतः तयार करतो. भट्टीवरून आलेल्या एका मुलाला लेखी वजाबाकी मुळीच येत नव्हती. पण तिथे मजुरी हजार विटांवर मिळते, आणि तो हिशेब तो तोंडी बिनचूक करी. त्याला चिंचोके मोजायला का बसवायचे? त्याने विटांचा हिशेब सांगितला, आम्ही तोच पाटीवर मांडून दाखवला.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. गट कायमचे नसतात. दर पंधरा दिवसांनी मुलांना तपासून आम्ही ते बदलतो. वाचनाचा गट वेगळा, गणिताचा वेगळा. नाहीतर 'हुशार' आणि 'ढ' अशा दोन नव्या जाती वर्गातच तयार होतील.

ही वाट आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणावर गेली.

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण सारे जाणतो. मेंढपाळाने सर्व मेंढरांना सारखा वेळ दिला नाही. जे हरवले होते, त्याच्यामागे तो गेला.

आपल्याकडे मागणे एवढेच. मंडळीत निवृत्त शिक्षक असतील, तर त्यांनी शनिवारचा एक तास एखाद्या गटाला द्यावा. तरुण संघाने जुन्या पुठ्ठ्यांची अक्षरपत्ते आणि अंकपत्ते करून द्यावीत. आणि यंदा भट्टीला निघणाऱ्या कुटुंबांनी मुलांना वसतिगृहात मागे ठेवावे, यासाठी प्रार्थना करावी. मूल इथे राहिले, तर त्याच्या पातळीपासून सुरुवात करायला आम्ही तयार आहोत.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.