शंभर जण आले, की सभा भरते



कोडोली हे पन्हाळा तालुक्यातलं मोठं गाव.
इथं ग्रामसभेला किती माणसं लागतात?
फक्त 100 मतदार.
एवढे आले, की गणपूर्ती झाली.

नाही आले, तर सभा तहकूब.
आणि खरी मेख इथंच आहे.
तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते!
मग मोजकी मंडळी गावाचं ठरवतात.

अशी सभा परदेशातही भरते; अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य बघा.
तिथं मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते.
अनेक गावांत लोक हात वर करून अंदाजपत्रक मंजूर करतात.
उपस्थितीची रड तिथंही आहेच म्हणा.

आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा होते.
मायभगिनींनो, पाण्याचा विषय तिथंच मांडा.

पुन्हा सांगतो, फक्त 100 मतदार.
सभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते.
येता-जाता वाचा.