तालमीतलं मालीश आणि टाक्यांवरचं मालीश

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आठवड्यातले काही दिवस शिरूरला आणि काही दिवस दौंडला पेशंट पाहतो. कंबर, गुडघे, मोडलेले हात हे तर रोजचंच. पण आज मी अशा एका दुखण्याबद्दल बोलणार आहे, ज्याचं नाव घेताना पेशंट आधी दार लावून घेतो.

काही मुलांची छाती वयात येताना बायकांसारखी वाढते. डॉक्टर त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. वयात येणाऱ्या मुलांमध्ये हे सर्रास दिसतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं. काहींचं मात्र राहतं. कधी कारण एखादं औषध असतं, कधी व्यायामशाळेत कुणीतरी दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, तर कधी यकृताचा किंवा हार्मोनचा आजार. म्हणून आधी तपासणी करायची आणि ऑपरेशनचा विचार नंतर.

पोरगा नदीवर पोहायला जात नाही, भर उन्हाळ्यात दोन बनियन घालतो. घरच्यांना वाटतं, लाजाळू आहे. आमच्या दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, ५ आणि ७. त्यामुळे भरतीची तयारी करणारी मुलं भल्या पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. भरतीच्या मैदानावर छाती मोजतात. न फुगवता ७९ सेंटीमीटर आणि फुगवल्यावर निदान ५ सेंटीमीटर वाढ. ती मोजायला शर्ट काढावा लागतो. धावण्यात पहिला येणारा एक मुलगा केवळ या एका क्षणाच्या भीतीनं दोनदा फॉर्म भरून घरी बसला होता.

त्याचं ऑपरेशन पुण्याला झालं. स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या खालच्या कडेला अर्धगोल छेद घेतात, आतली गाठ काढतात आणि आजूबाजूची चरबी नळीनं ओढून घेतात. घरी पाठवताना केसपेपरवर लिहिलं होतं, ‘टाके भरल्यावर मालीश’. घरी आल्यावर त्यातलं ‘टाके भरल्यावर’ गळालं आणि ‘मालीश’ तेवढं राहिलं! आपल्याकडे मालीश म्हणजे तालमीतलं. नवव्या दिवशी वडील त्याला एका जाणत्या माणसाकडे घेऊन गेले. त्यानं मायेनंच, पण तेल लावून दोन्ही तळव्यांनी रगडलं. संध्याकाळपर्यंत एक बाजू सुजून काळीनिळी झाली. आत रक्त साठलं होतं. रातोरात पुण्याला नेऊन ते काढावं लागलं.

दोष त्या माणसाचा नाही. तालमीतलं मालीश धडधाकट स्नायूंसाठी असतं. इथं आत ताजी जखम होती.

जखम भरताना शरीर कोलॅजन नावाचे धागे विणतं. घाईत घातलेलं काम ते. उसाच्या फडात पाचट जसं कसंही पसरतं, तसे हे धागे आडवेतिडवे पडतात. पुढं वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ, शरीर ते हळूहळू नीट लावत राहतं. गाठ काढलेल्या जागी पोकळी असते. तिथं हे धागे दाट झाले की स्तनाग्राखाली कडक गोळा लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोरं घाबरून येतात, ‘डॉक्टर, गाठ परत आली!’ बहुतेक वेळा ती गाठ नसते, भरणारी जखम असते. तीन ते सहा महिन्यांत ती मऊ होत जाते.

मग मालीश कधी आणि कसं करायचं? टाके निघाले, खपल्या पडल्या, कुठंही ओल नाही, आणि सर्जननं हो म्हटलं, की मगच. साधारण तिसरा आठवडा उजाडतो. नखं कापा, हात धुवा. साधं खोबरेल किंवा बिनवासाचं क्रीम थोडंसं घ्या. दोन बोटांची पेरं वणावर ठेवा. दाब इतकाच, की आपल्याच नखाचा गुलाबी रंग फिका पडावा. बोट कातडीवरून घसरवायचं नाही, बोटाबरोबर कातडी हलली पाहिजे. आधी गोल गोल, मग वणाच्या दिशेनं, मग आडवं. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, काही महिने. ओढ जाणवली तर चालेल, दुखता कामा नये. चुना, हळद किंवा कुठलाही झाडपाला जखमेवर लावू नका.

मालीश म्हणजे जादू नव्हे, हेही सांगतो. त्यावरचा अभ्यास अजून तोकडा आहे. खाज, ताठरपणा कमी होतो आणि बधिर कातडीला स्पर्शाची सवय होते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. वणासाठी सिलिकॉनची जेल किंवा पट्टीही डॉक्टर देतात. घट्ट बनियन चार ते सहा आठवडे सांगितल्याप्रमाणे घालायचं. चालणं दुसऱ्या दिवसापासून, पण जोर-बैठका आणि वजनं महिना-दीड महिना बंद. वणाला ऊन लागू द्यायचं नाही.

एकाएकी एक बाजू फुगली, ताप आला, पू आला, तर मालीश थांबवून लगेच दवाखाना गाठा. वण आपल्या हद्दीबाहेर जाडजूड वाढू लागला तर तो केलॉइड असू शकतो. छातीवर तो जास्त होतो. तो रगडून जात नाही, त्याला बहुधा इंजेक्शनं लागतात. आणि ऑपरेशन न झालेल्या पुरुषानं, विशेषतः उतारवयात, एकाच बाजूला टणक गाठ लागली तर लाजू नये. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. शंभरातला एखादाच, पण होतो.

पुण्याला हे शास्त्र नवं नाही. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात कावसजी नावाच्या गाडीवानाची हकिकत छापून आली होती. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं आणि पुण्याकडच्या एका कारागिरानं कपाळाच्या कातडीतून ते नवं घडवलं होतं. कापलेलं नाक घेऊन गावात वावरणं किती कठीण असेल, हे त्या माणसांना कळलं होतं. आपल्या पोराचं दोन बनियनांआडचं दुःख आपल्याला का कळू नये?

त्या मुलाचे वडील नंतर माझ्याकडे आले. आधी ते म्हणायचे, ‘पोराच्या जातीला कसली आलीय लाज!’ आता मान खाली घालून म्हणाले, ‘मला शिकवा. चूक माझी होती.’ मी म्हटलं, ‘काका, मालीश तो स्वतःच करेल. तुम्ही घड्याळ धरा.’ मग रोज रात्री जेवणानंतर मुलगा भिंतीला टेकून बसायचा आणि वडील समोर पाच मिनिटं मोजायचे. सुरुवातीला दोघंही बोलायचे नाहीत. पुढं पुढं पाच मिनिटं कधी संपायची, ते कळायचं नाही.

सहा महिन्यांनी तो दाखवायला आला तेव्हा वण कडेच्या रेघेत मिसळला होता. मी काही म्हणायच्या आत त्यानं शर्ट काढून खुर्चीवर टाकला होता. दार उघडंच होतं.