न मागता जाणारी पोचपावती

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘ई-मेल आणि आपले खासगीपण’ या विषयावर मी दोन शब्द बोलावेत असे संस्थेने सुचविले. विषय ऐकून काहींना वाटेल की, हा संगणक शिकविणाऱ्यांचा प्रांत आहे. सामान्य माणसाने त्यात का पडावे? परंतु आज प्रवेशाची सूचना, शिष्यवृत्तीचे उत्तर, बँकेचे पत्रक, आखातातील नोकरीचे बोलावणे, हे सारे ई-मेलनेच घरात येते. दारात कोण येतो आणि जाताना काय घेऊन जातो, हे पाहणे जसे घरातील प्रत्येकाचे काम, तसेच हेही आहे. म्हणून या मोठ्या विषयातील एकच लहानसा भाग मी आज घेणार आहे. ई-मेलमध्ये दिसणारी चित्रे कोठून येतात, आणि ती येताना आपल्याविषयी कोणाला काय कळते, एवढाच तो भाग.

पोस्टाच्या रजिस्टर पत्राची रीत आपणांस ठाऊक आहे. २०२५ साली ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, पण तिच्यातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पत्र पोहोचल्याची खात्री हवी असेल तर पाठविणारा सोबत पोचपावतीचे कार्ड जोडीत असे. पोस्टमन दारात उभा राही, आपण सही करू, मग ते कार्ड परत जाई. पावती जात आहे हे आपल्याला माहीत असे. शिवाय त्या पावतीने पाकीट हाती पडले एवढेच सिद्ध होई. आपण ते केव्हा फोडले, किती वेळा वाचले, कोणत्या गावी बसून वाचले, हे पाठविणाऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता.

ई-मेलचा आरंभही असाच साधा होता. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला निरोप पाठविला, तेव्हा त्यात केवळ अक्षरे होती. १९९२ साली ‘माइम’ नावाचे नियम ठरले आणि पत्रासोबत चित्रे, ध्वनी वगैरे पाठविण्याची सोय झाली. त्यानंतर वेबपानासारखी सजविलेली पत्रे येऊ लागली. पत्र देखणे झाले, यात वाईट काही नाही. पण त्याबरोबर चित्रांचे दोन प्रकार झाले, आणि त्यांतील फरक समजणे अगत्याचे आहे.

पहिला प्रकार म्हणजे पत्रातच बसविलेले किंवा पत्राला जोडलेले चित्र. पुतण्याने निकाहाचे फोटो जोडून पाठविले, तर ते फोटो पत्राबरोबरच आपल्या पेटीत आले. दुसरा प्रकार म्हणजे बाहेरचे चित्र. इंग्रजीत त्याला ‘रिमोट’ किंवा ‘एक्स्टर्नल’ इमेज म्हणतात. येथे पत्रात चित्र नसतेच. चित्र कोठे ठेवले आहे त्याचा पत्ता तेवढा असतो. आपण पत्र उघडले की आपला प्रोग्राम त्या पत्त्यावरील संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, जातो, चित्र मागतो आणि आणून दाखवितो. आपल्याला वाटते चित्र पत्रातच होते. प्रत्यक्षात ते आपण पत्र उघडले त्या क्षणी मागविले गेलेले असते.

आता जो मागावयास जातो, त्याची नोंद देणाराकडे होणारच. कोणत्या वेळी मागणी आली, कोणत्या आय.पी. पत्त्यावरून आली, कोणत्या जातीच्या प्रोग्रामने केली, हे तो सर्व्हर लिहून ठेवू शकतो. आय.पी. पत्त्यावरून घरक्रमांक कळत नाही. पण इंटरनेट कोणत्या कंपनीचे, आणि पुष्कळदा गाव किंवा शहर कोणते, याचा अंदाज बांधता येतो.

तरीही एक प्रश्न उरतो. चित्र नेमके कोणी मागितले हे कसे कळणार? त्यासाठी परीक्षेच्या बैठक क्रमांकासारखी युक्ती केली जाते. समजा, पाचशे जणांना एकच पत्र पाठवावयाचे आहे. प्रत्येकाच्या पत्रात चित्राच्या पत्त्याला निराळा क्रमांक जोडला जातो. चित्र तेच, क्रमांक मात्र पाचशे. २३७ क्रमांकाचे चित्र रात्री अकराला मागितले गेले की, २३७ क्रमांकाच्या गृहस्थाचे पत्र रात्री अकराला उघडले गेले हे पाठविणाऱ्यास कळले. आणि या कामासाठी चित्र दिसण्याचीही गरज नाही. एका ठिपक्याएवढे, पारदर्शक चित्र पुरते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण पावती देऊन मोकळे होते.

वाचल्याची पावती मागण्याची सरळ रीत ई-मेलमध्ये नाही असे नव्हे. तिचे नियम १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत स्पष्ट आहे की, अशी पावती मागणे ही केवळ विनंती होय, आणि ती दुर्लक्षिण्यास वाचणारा मोकळा आहे. ज्याला नकार ऐकावयाचा नाही, तो विनंतीच न करता अदृश्य चित्र पाठवितो. माझा आक्षेप चित्राला नाही, या न विचारण्याला आहे.

हे क्वचित घडत असेल असे कोणी समजू नये. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारा हजारांहून अधिक जाहिरात-पत्रे व बातमी-पत्रे तपासली. सुमारे ८५ टक्के पत्रांत तिसऱ्याच कोणाकडून आणावयाचा काही ना काही मजकूर होता. आणि सुमारे २९ टक्के पत्रे नुसती उघडल्याने वाचणाऱ्याचा ई-मेल पत्ता अशा तिसऱ्या पक्षाकडे कोणत्या तरी रूपात जात होता. म्हणजे पत्र एका दुकानाचे, आणि आपण ते वाचल्याची खबर दुसऱ्याच पेढीवर!

याचा दुरुपयोग कसा होतो याची दोन उदाहरणे देतो. २००६ साली अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे प्रकरण गाजले. संचालक मंडळातील बातम्या बाहेर कोण देतो हे शोधताना कंपनीच्या बाजूने एका महिला पत्रकारास माग काढणारे ई-मेल पाठविण्यात आले होते. हेतू हा की, ते पुढे कोणाकडे जाते ते कळावे. प्रकरण अमेरिकन काँग्रेसपुढे गेले आणि सप्टेंबर २००६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. दुसरे उदाहरण २०१९ चे. सुपरह्यूमन नावाचा ई-मेल प्रोग्राम आपल्या ग्राहकास दाखवीत असे की, समोरच्याने पत्र कितीदा, केव्हा आणि साधारण कोठे उघडले. टीका झाली की, एखाद्या स्त्रीच्या मागे लागलेल्या माणसाच्या हाती हे आयते साधन आहे. त्या जुलैत कंपनीने ठिकाण दाखविणे बंद केले, आणि वाचल्याची खूण ग्राहकाने स्वतः सुरू केल्याखेरीज दिसणार नाही असे ठरविले.

आपल्या घरातील मुलींच्या दृष्टीने याचा विचार करा. अनोळखी माणसाचे पत्र आले. मुलीने उत्तर दिले नाही, केवळ उघडून पाहिले. तरी त्याला कळू शकते की पत्ता चालू आहे, पत्र वाचले गेले, आणि रात्री किती वाजता वाचले गेले. लॉटरी आणि खोट्या नोकरीची पत्रे पाठविणाऱ्यांनाही तेच हवे असते. हजारो पत्त्यांवर जाळे टाकावयाचे आणि जो पत्ता जिवंत आढळेल त्याचा पिच्छा पुरवावयाचा, हा त्यांचा धंदा.

आता उपायांकडे वळू. सुदैवाने ते फुकट आहेत, आणि प्रत्येकाला पाच मिनिटांत करता येण्याजोगे आहेत.

थंडरबर्ड हा प्रोग्राम वापरीत असाल तर बाहेरची चित्रे मुळातच अडविलेली असतात. पत्राच्या वर एक पट्टी दिसते. तिच्यावरून त्या एका पत्रापुरती किंवा त्या पाठविणाऱ्यापुरती परवानगी देता येते. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकने २००३ च्या आवृत्तीपासून अशीच रोख ठेवली.

जीमेलने डिसेंबर २०१३ पासून वेगळा मार्ग धरला. चित्रे आपोआप दिसतात, पण ती गूगलचा सर्व्हर मध्ये राहून आणतो. त्यामुळे आपला आय.पी. पत्ता पाठविणाऱ्यास कळत नाही. मात्र क्रमांकाची युक्ती येथेही चालते. पत्र उघडले गेले हे त्याला कळू शकते. तेही नको असेल तर संगणकावर जीमेलच्या दातेरी चाकावर टिचकी द्या, ‘सी ऑल सेटिंग्ज’ उघडा, ‘जनरल’मध्ये ‘इमेजेस’ शोधा आणि ‘आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस’ निवडा. खाली ‘सेव्ह चेंजेस’ दाबण्यास विसरू नका. नाही तर केलेले काम फुकट जाईल.

ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनसाठी तिसरा मार्ग काढला. ‘प्रोटेक्ट मेल ॲक्टिव्हिटी’ चालू ठेवल्यास, पत्र आपण उघडा वा न उघडा, त्यातील चित्रे मधल्या सर्व्हरमार्फत आधीच आणून ठेवली जातात. सगळीच पत्रे उघडल्यासारखी दिसल्यावर पाठविणाऱ्याच्या नोंदीला अर्थ राहत नाही. पण ही सोय ॲपलच्या स्वतःच्या मेल प्रोग्राममध्येच आहे. त्याच फोनवर दुसरा प्रोग्राम वापरल्यास ती लागू नाही.

परवानगी देताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. ‘या पाठविणाऱ्याची चित्रे नेहमी दाखवा’ असे सांगण्यापूर्वी नाव नव्हे, पूर्ण पत्ता वाचावा. कारण पत्रावर कोणाचेही नाव घालणे सोपे असते. आणि चित्रे अडविली म्हणजे सर्व भागले असेही नाही. पत्रातील दुव्यालाही असाच क्रमांक जोडलेला असू शकतो, आणि दुवा दाबला की तीच पावती जाते. म्हणून बँकेचे वा शिष्यवृत्तीचे काम असेल तर दुवा न दाबता त्या संस्थेचा पत्ता स्वतः लिहून उघडावा.

मेळाव्यापूर्वी एक वयस्कर पालक मला म्हणाले, “सर, आमच्या मेलमध्ये लपविण्यासारखे आहे तरी काय?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी असे देतो. चाचा, आपल्या पत्रांत लपविण्यासारखे काही नसेल. तरीही आपण ती पाकिटात घालून पाठवितो, आणि पोस्टमन निघून गेल्यावर दार लावून घेतो. लपविणे वेगळे आणि आपले आपल्यापाशी ठेवणे वेगळे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खासगीपण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. तो हक्क ज्याच्यापाशी लपविण्यासारखे आहे त्याच्यापुरता नाही, सर्वांचा आहे.

शेवटी एक सूचना आपल्या स्वतःसाठी, कारण आपण केवळ पत्रे घेणारे नाही, पाठविणारेही आहोत. शाळा पालकांना लिहिते, संस्था देणगीदारांना, माजी विद्यार्थी मंडळ परदेशातील सभासदांना. आपले पत्र कोणी वाचते की नाही हे जाणण्याची इच्छा स्वाभाविक आहे. ती वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण पालकाने पत्र केव्हा उघडले याची चोरून नोंद ठेवण्यापेक्षा ‘मिळाल्याचे कळवावे’ असे एक वाक्य खाली लिहिणे अधिक शोभून दिसते. पुष्कळांना एकदम पत्रे पाठविणारी सेवा वापरीत असू, तर तिच्यातील उघडल्याची गणती बंद करता येते का ते कार्यालयाने पाहावे. तसेच सूचना संपूर्ण चित्राच्या रूपात कधी पाठवू नये. ज्या पालकाने चित्रे अडविली आहेत त्याला कोरी चौकट दिसेल, आणि फीची शेवटची तारीख त्या चौकटीतच राहील. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही आणि जे संगणकाकडून पत्र वाचून घेतात, त्यांनाही चित्रातील मजकूर पुष्कळदा मिळत नाही. तारीख, वेळ, स्थळ, रक्कम ही साध्या अक्षरांतच लिहावीत. चित्र हवे तर शोभेला असावे.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या वडिलांच्या आणि अम्मीच्या फोनमध्ये ही व्यवस्था करून द्या. ती करताना काय करीत आहात ते त्यांना समजावून सांगा. नुसते बटण दाबून फोन परत देऊ नका. पावती द्यावयाची की नाही हे ज्याच्या हाती पत्र आहे त्यानेच ठरवावे, एवढे त्यांच्या ध्यानात आले म्हणजे पुरे.