प्रबंधास आधार कोणता घ्यावा?

महाविद्यालयांतील विद्यार्थी प्रबंध लिहावयास बसला, कीं प्रथम ग्रंथालयांतून पुस्तकांची चळत घरीं आणतो. पांच पुस्तकांत एकच गोष्ट आढळली म्हणजे ती सिद्ध झाली, असा त्याचा समज असतो. परंतु पांच जणांनीं एकाच माणसाकडून ऐकलेली वार्ता सांगितली, तर साक्षीदार पांच होत नाहींत. तो एकच राहतो.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचें उदाहरण या दृष्टीनें बोधप्रद आहे. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरींत शके १५४९ चा वैशाख मास दिला आहे. ही बखर दीड शतकाहून अधिक काळ लोटल्यावर लिहिलेली. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांतही इ. स. १६२७ हेंच साल आहे, आणि पुढील कित्येक पुस्तकें तेंच गिरवीत राहिलीं.

पुढें १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे घराण्याची शकावली उजेडांत आणली. तींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथि होती. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांतही तीच मिळाली. एक देशमुखी घराण्यांतील कोरडें टिपण, दुसरें शिवकालीन कवीचें काव्य. साधनें भिन्न जातीचीं, तिथि मात्र एक. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आज शासनमान्य आहे, ती या पुराव्याच्या बळावर.

यावरून आधार पारखण्याची रीत स्पष्ट होते. लेखक कोण, त्या विषयांत त्याचा अधिकार काय, विधानांखालीं तळटीपा आहेत कीं नाहींत, संशोधनपत्रिकेंतील लेख छापण्यापूर्वीं तज्ज्ञांनीं तपासला होता काय, हें आधीं पाहावें. मात्र तेवढ्यावर थांबूं नये. ग्रँट डफचा ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहिलेला होता; पण शकावली छापली गेली ती त्यानंतर नव्वद वर्षांनीं. म्हणून ग्रंथाचें प्रकाशनवर्ष पाहावें, आणि तळटीपेचा माग काढीत मूळ साधनापर्यंत जावें. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ पासून मूळ कागदपत्रांचे खंड छापले, त्यामुळें ही वाट विद्यार्थ्यासही खुली झाली.

ज्या प्रबंधांत आधार चारच, पण प्रत्येकाचा उगम दाखविलेला, तो चाळीस पुस्तकांच्या यादीपेक्षां अधिक विश्वसनीय ठरतो.