वेरिबीचे माळरान आणि आपले दान
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



दान म्हटले की आपल्यासमोर विहार, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती उभी राहते. ते योग्यच आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याने प्रथम शिक्षणालाच दिले पाहिजे. परंतु गवत, पशुपक्षी आणि हवामान यांच्यासाठीही दान द्यावे काय? या प्रश्नाचे उत्तर आपण वेरिबीच्या परिसरातच शोधू.

वेरिबीभोवतीचा माळ आपल्या दख्खनप्रमाणेच बेसॉल्ट खडकाचा आहे. वडावरुंग आणि बुनुरोंग या मूळ रहिवाशांनी तो हजारो वर्षे सांभाळला. येथील मूळ गवताळ प्रदेशाचा आज पाच टक्क्यांहूनही कमी भाग उरला आहे. हे गवत खोलवर मुळे धरते आणि हवेतील कार्बन मातीत साठवते. म्हणजे जीवसृष्टीचा प्रश्न आणि हवामानाचा प्रश्न येथे एकाच मुळाशी येऊन मिळतात.

व्हिक्टोरिया शासनाने २०१० च्या सुमारास वचन दिले की, शहर वाढत असताना पश्चिमेस १५,००० हेक्टरांचे गवताळ अभयारण्य २०२० पर्यंत उभारले जाईल आणि त्याचा खर्च जमिनीचा विकास करणाऱ्यांकडून घेतलेल्या शुल्कातून भागेल. २०२० मध्ये राज्याच्या महालेखापरीक्षकांनी तपासले, तेव्हा केवळ दहा टक्के जमीन ताब्यात आलेली होती. पुढेही खरेदी चालू राहिली; परंतु दरम्यान जमिनीचे भाव चढले आणि माळावर तण माजले. टार्नीट, ट्रुगनिना, विंडम व्हेल येथील नव्या घरांत आपली अनेक कुटुंबे नांदत आहेत. विकासकाने भरलेले शुल्क अखेर प्लॉटच्या किमतीतच मिसळते. तेव्हा या माळाचे आपण केवळ प्रेक्षक नाही. हिशेब विचारण्याचा आपला अधिकार आहे.

मग शासन असताना दानाचे काय काम? दान शासनाहून लवकर पोहोचते आणि जोखीम पत्करू शकते. १९७२ च्या कायद्याने या राज्यात ‘ट्रस्ट फॉर नेचर’ ही संस्था स्थापन झाली. खासगी मालकाशी ती असा करार करते की, जमीन पुढे कोणाच्याही हाती गेली तरी तेथील निसर्ग सुरक्षित राहील. काही ठिकाणी ती स्वतः जमीन घेते, करार नोंदवते, जमीन पुन्हा विकते आणि त्याच पैशाने दुसरी घेते. एकदा दिलेले दान असे अनेकदा उपयोगी पडते.

दुसरे उदाहरण लिटल रिव्हरजवळच्या माउंट रॉथवेलचे. तेथे ४०० हेक्टरांहून अधिक क्षेत्राला कुंपण घालून कोल्हे आणि रानमांजरे बाहेर ठेवली आहेत. ईस्टर्न बार्ड बँडिकूट हा पिशवीधारी छोटा प्राणी मुख्य भूमीवरील मोकळ्या रानातून नाहीसा झाला होता. अशी कुंपणे, प्राणिसंग्रहालयांतील प्रजनन, बेटांवरील पुनर्वसन आणि स्वयंसेवकांचे श्रम यांमुळे २०२१ मध्ये व्हिक्टोरियात त्याची नोंद ‘रानातून लुप्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आली. एखादा प्राणी असा परत येणे ही विरळा घटना होय.

हवामानाच्या क्षेत्रातही मायर फाउंडेशन आणि मोनॅश विद्यापीठ यांनी २००९ मध्ये ‘क्लायमेटवर्क्स ऑस्ट्रेलिया’ सुरू केले. तरीही जगातील एकूण दानापैकी हवामानबदल रोखण्यासाठी दोन टक्क्यांहूनही कमी रक्कम जाते.

मात्र एक सावधगिरी हवी. दात्यांच्या औदार्याने शासनाचे कर्तव्य संपत नाही. वेरिबीचे मलजलशुद्धीकरण केंद्र १८९७ पासून लोकांच्या पैशावर चालत आले आहे. १९८२ पासून त्याचा परिसर रामसर यादीत आहे. सैबेरियाहून येणारे पक्षी तेथे उतरतात, आणि मलजलातून निघणाऱ्या वायूपासून तेथे वीजही होते. एवढे काम केवळ देणगीवर उभे राहिले नसते.

बंधुभगिनींनो, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकास मिळकतीचा विसावा हिस्सा मागितला होता. मूठभर श्रीमंतांवर विसंबू नये, गरिबाचाही वाटा असावा, हा त्यातून आपण घ्यावयाचा धडा होय. शिष्यवृत्तीचा एक पैसाही कमी न करता, प्रत्येक कुटुंबाने या माळासाठी एक लहान, पण नियमित वाटा ठेवावा. पैसा नसेल तर तण उपटण्यास, देशी गवत लावण्यास मुलांसह एक रविवार द्यावा. आणि वचन दिलेले अभयारण्य कोठवर आले, हे आपल्या लोकप्रतिनिधीस दरवर्षी लेखी विचारावे. ज्या भूमीने आपल्याला आसरा दिला, तिच्या ऋणातून अंशतः तरी मुक्त होण्याचा हाच मार्ग आहे.

जय भीम!