वळणावरची दोन चाकं

गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा, खाली उतरा आणि पुढची चाकं वाकून पाहा. बहुतेक गाड्यांत उजवं चाक डाव्यापेक्षा थोडं जास्त वळलेलं दिसेल. हा बिघाड नव्हे! वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारखीच वळली, तर टायर रस्त्यावर फरफटतील. आतलं चाक जास्त वळवण्याची ही युक्ती मोटारीच्याही आधीची, घोडागाडीसाठी शोधलेली. ती म्युनिकच्या गेओर्ग लँकेनस्परगर यांची. पण १८१८ साली लंडनमध्ये पेटंट घेतलं रुडॉल्फ आकरमान यांनी, आणि नाव त्यांचंच रूढ झालं. मूळ कारागिराचं नावही घ्यायलाच हवं.