नोकरी कंपनीची, संसार आपला

लग्न कधी करायचं,
मूल कधी होऊ द्यायचं,
हे मालकानं ठरवायचं का?

एअर इंडियात हवाई सुंदरींसाठी तसे नियम होते.
रुजू झाल्यापासून चार वर्षांत लग्न केलं,
तर नोकरी जायची.
पुढे पहिल्यांदा दिवस गेले,
तरी नोकरी जायची.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या.
१९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाचा नियम रद्द केला.
हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे,
असं न्यायालयानं ठणकावलं.
किती योग्य बोललं!
मूल कधी, हे मालकानं ठरवायचं नाही.

लग्नाची अट मात्र कायम राहिली.
श्रोतेहो, मला हे आजही पटत नाही.
लग्न कधी, हेही मालकानं ठरवायचं नाही.
ती अट ठेवताना न्यायालयानं कारणं दिली होती,
हवाई सुंदरीच्या आरोग्याची,
कुटुंबनियोजनाची
आणि कंपनीच्या खर्चाची.